खालची ओढ

नाना पेठेत गुलाबभाई बागवानांच्या दुकानात
पाच सायलेन्सर तारेला टांगलेत,
मांडवावरच्या दुधीभोपळ्यांसारखे.
"हा घ्या, सगळा मोकळा. गल्लीत शिरलात
की लोक खिडकीत येतील."
आमच्या सहकारनगरात लोक तसेही खिडकीतच असतात,
त्यासाठी अठरा हजार कशाला?

दुसरा स्टीलचा. तिसरा टायटॅनियमचा,
तापला की मोरपिशी होतो म्हणे.
चौथ्याच्या तोंडात बूच:
पोलीस दिसला की बसवायचं, घाट लागला की काढायचं.
पाचवा साधा, काळा.
त्याच्याबद्दल गुलाबभाई काही बोललेच नाहीत.
चहा मागवला.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांनी
मला काचेच्या खोलीत बसवलं होतं.
ऐकू आलं की बटण दाबा.
मी बराच वेळ
प्रामाणिकपणे बसून राहिलो.
चिंचवडच्या प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं,
दीडशे टनी प्रेसच्या कुशीत;
कानात घालायचे बोळे आम्ही
नव्या पोरांना फेकून मारायला वापरायचो.
कागदावर माझी रेघ सुरुवातीला बरी चालली,
चार हजाराला पोचली
आणि कठडा नसलेल्या वळणावरून गेली.

शुक्रवारी नऱ्ह्याला, केतकीच्या शेडमध्ये
गाडी पट्ट्यांनी जखडून रुळांवर चढवली.
जागच्या जागी नव्वदनं पळाली बिचारी,
समोर भिंत, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर.
लॅपटॉपकडे बघत केतकी म्हणाली,
"काका, मोकळा पाइप लावा, मी मॅप बदलून देते.
वर पाच-सहा घोडे वाढतील.
पण खाली, अडीच-तीन हजाराला, ओढ जाईल.
तुम्ही चालवता कुठे?"
घाटात, म्हटलं. दोन पेट्या, डबल सीट.
"मग तुम्हाला वरचं काय करायचंय?"

नोकरी सुटल्यापासून
इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.

तिला जुना ग्राफ दाखवावा म्हणून खिशात हात घातला,
निघाला डॉक्टरांचा कागद.
तिनं तो उजेडात धरला.
"ही कुठली गाडी? चार हजाराला कोसळतेय.
व्हॉल्व्ह बघा हिचे."
जुनं मॉडेल आहे, म्हटलं, एकसष्टचं.
"पण खालून चांगली आहे हो अजून,"
असं म्हणून तिनं कागद परत दिला,
घडी होती तशीच घालून.

मागच्या वर्षी वरंध्यात
शैलानं खांद्यावर तीनदा टकटक केलं.
तीनदा म्हणजे थांब.
मी गाडी बंद केली. ती एका झाडाकडे
हेल्मेट काढून उभी राहिली.
"सुभग," म्हणाली, "किती लांब शीळ घालतोय."
मला पान हललेलं दिसलं.
बाकी तिच्या चेहऱ्यावरून अंदाज केला
की अजून संपलेलं नाही, किक मारू नये.
नंतर आठवलं, गाडीला किक नाहीच.

शनिवारी परत नाना पेठ.
"पाचवा?" गुलाबभाई खरंच दुखावले.
"त्याला आवाजच नाही, साहेब!"
ऐकणारी मागे बसते, म्हटलं.
त्यांनी दोनशे कमी केले, दुःखानं.

केतकीनं खालच्या अंगाला पेट्रोल थोडं दाट केलं,
वरचं कंपनीनं दिलेलं तसंच ठेवलं.
चालू करून म्हणाली, कसं वाटतंय?
मी टाकीवर तळहात ठेवला.
मळलेल्या कणकेत बोट जावं
तसा एकेक ठोका आत येत होता, सावकाश, भरीव.
घाई नसलेल्या माणसाची चाल.

स्वारगेटच्या सिग्नलला शेजारी एक पोरगं,
त्याची गाडी फटाक्यांची माळ.
शैलानं दोन्ही हातांनी कान झाकले.
पोरानं माझ्याकडे वाकून पाहिलं, कळवळून ओरडलं,
"काका, बंद पडली का?"

मी गुडघ्यांनी टाकी दाबून बघितली.
चालू होती.